चाल कोणाची, शब्द कोणाचे? नागपूरची भीमगीते आणि ब्राँक्सचे हिप-हॉप

१/
१३ एप्रिलच्या मध्यरात्री नागपूरच्या संविधान चौकात जो उभा राहिला आहे, त्याला ध्वनी ही कानापेक्षा छातीला जाणवणारी गोष्ट आहे हे सांगावे लागत नाही. बाराचा ठोका पडतो, आतषबाजी होते, गाड्यांवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती एकदम बोलू लागतात आणि निळ्या झेंड्यांखाली हजारो तरुण नाचू लागतात. दुसऱ्या दिवशी शहराच्या दुसऱ्या भागात या रात्रीचे वर्णन एका शब्दात होते: गोंगाट.

आजचा धागा या गोंगाटाच्या इतिहासावर आहे. तो थोडा लांब आहे. नागपूरहून निघून न्यूयॉर्कला जाईल आणि परत येईल.

२/
सुरुवात न्यूयॉर्कपासूनच करू, कारण ती तारीख बहुतेकांना पाठ असते. ११ ऑगस्ट १९७३. ब्राँक्स भागातील १५२०, सेजविक ॲव्हेन्यू ही इमारत. जमैकातून आलेल्या कुटुंबातील क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क, या तरुणाने बहिणीने ठरवलेल्या मेजवानीत दोन तबकड्या फिरवल्या. नाचणाऱ्यांना गाण्यातला तोच तुकडा सर्वाधिक आवडतो जिथे गायक थांबतो आणि फक्त ताल उरतो, हे त्याच्या लक्षात आले होते. तो तुकडा काही सेकंदांत संपतो. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून लावून तो लांबवला. त्या लांबवलेल्या तालावर पुढे लोक बोलू लागले.

हिप-हॉपची जन्मकथा म्हणून हा प्रसंग जगभर सांगितला जातो. कोणत्याही जन्मकथेप्रमाणे तो जरा जास्तच नेटका आहे. परंतु त्यातील एक बाब पक्की लक्षात ठेवावी: वाद्ये विकत घेण्याची आणि शिकण्याची सोय नसलेल्या मुलांनी दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांचेच वाद्य केले.

३/
आता दिवस मागे नेऊ. १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी. नागपूर त्या दिवशी महाराष्ट्रात नव्हते. ते मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते, आणि ती राजधानी म्हणून त्याचे शेवटचे सतरा-अठरा दिवस उरले होते. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपण संपले. त्या अडीच आठवड्यांच्या फटीत, श्रद्धानंद पेठेतल्या मैदानावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

या दिवसाचा धार्मिक, सामाजिक आणि राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. सांगीतिक इतिहास मात्र क्वचितच कोणी विचारात घेते. प्रश्न साधा आहे: त्या संध्याकाळी घरी परतलेल्या माणसांनी काय गायचे?

४/
हा प्रश्न वरवर दिसतो तितका हलका नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये जुन्या देवतांना मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, असे स्पष्ट वचन होते. ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती. एका संध्याकाळी एवढी नावे आयुष्यातून वजा झाली आणि त्यांच्याबरोबर गाणीही वजा झाली. तमाशा आणि खडी गंमत यांचा आरंभ गणाने होतो, तो गेला. पाठोपाठ येणारी गौळण गेली. पाळण्यात कृष्ण झुलत होता, तो गेला. लग्नातली, बारशातली, जत्रेतली पदे गेली. शिवाय गावगाड्याने वाजवणे आणि गाणे हे काम ज्या जातींच्या कपाळी लिहिले होते, त्यांपैकी अनेकांनी ते काम लाचारीची खूण म्हणून आधीपासूनच टाकायला सुरुवात केली होती.

त्या जागी त्रिशरण आणि पंचशील आले. पण ती पाली भाषेत, आणि वंदनेपुरती. पोर झोपत नसेल तेव्हा आई पंचशील म्हणत नाही. तिला पाळणागीत लागते.

धर्मांतराने निर्माण केलेली ही पोकळी ज्या वेगाने भरली गेली, तो वेग हे आधुनिक मराठी संस्कृतीतले एक मोठे आश्चर्य आहे असे मला वाटते. भीमाचे पाळणे, बुद्धाच्या वंदनगीतांच्या मराठी रचना, रमाईची गाणी, लग्नाची गाणी, दीक्षेच्या आठवणीची गाणी: एक संपूर्ण गीतसंसार एका पिढीत उभा राहिला. आणि तो उभारणारे बहुतेक जण गिरणीत, रेल्वेत, विडीच्या कारखान्यात काम करणारे होते.

५/
अर्थात तो शून्यातून उभा राहिला नाही. त्याला दोन मोठे पूर्वज होते.

पहिला सत्यशोधक जलसा. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. (हर्कच्या मेजवानीच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नये.) पुढे या चळवळीने तमाशाचा साचा उचलला आणि आत नवा माल भरला. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम प्रेक्षकांच्या ओळखीचा होता. त्याच क्रमात सावकार, भटजी आणि शेतकरी यांचे संवाद घालण्यात आले. दुसरा पूर्वज आंबेडकरी जलसा. १९३० च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी गावोगाव जलसे नेले. कर्डकांनी पुढे या जलशांवर पुस्तकही लिहिले, म्हणून आपल्याला त्यांच्याबद्दल माहीत आहे. ज्यांनी लिहिले नाही असे शाहीर किती असतील याचा अंदाज करावा.

६/
विदर्भात या धाग्याला आणखी एक टोक आहे: किसन फागूजी बनसोड. जन्म १८७९, नागपूरजवळच्या मोहप्याचा. मुलींच्या शिक्षणासाठी धडपडणारे, स्वतःचा छापखाना आणि पत्रे चालवणारे, पदे आणि कविता रचणारे हे गृहस्थ बाबासाहेबांच्या उदयाच्या कितीतरी आधी नागपूर भागात काम करीत होते. त्यांची नजर चोखोबाकडे होती. भक्तिपरंपरेच्या आत राहूनच जागृती करता येईल असा त्यांचा विश्वास होता, आणि १९३५ नंतर धर्मांतराच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांबरोबर गेले नाहीत.

हे मुद्दाम सांगतो आहे. दलितांचे गाणे म्हणजे पहिल्यापासून एकसुरी निषेधाचे गाणे, असे चित्र बाहेरच्यांनी रंगवले आहे. त्या गाण्याच्या आतच वाद होते. विठोबाच्या दारात उभे राहून दाद मागायची की ते दार कायमचे सोडायचे, हा वाद नागपुरात पदांमधून आणि पत्रांमधून झडला. ज्या शहराजवळच्या कामठीतून बाबू हरदास यांनी ‘जयभीम’ हा अभिवादनाचा शब्द रूढ केला असे मानले जाते, आणि जिथे जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निर्णय झाला, ते शहर या वादाचे योग्य ठिकाणच होते.

७/
आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे येतो. चाल.

जुनी भीमगीतांची पुस्तिका हातात घ्या. खिशात मावेल अशी, पातळ कागदाची, दीक्षाभूमीच्या मेळ्यात पथारीवर मिळणारी. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर एक ओळ छापलेली दिसते: ‘चाल’, आणि पुढे एखाद्या चित्रपटगीताचे, भजनाचे किंवा लावणीचे नाव. स्वरलिपी नाही, रागाचे नाव नाही. एवढ्या एका ओळीत संपूर्ण संगीतलेखन आटोपलेले असते.

संगीताच्या जाणकारांनी या ओळीकडे नेहमी नाक मुरडून पाहिले. उसनी चाल, म्हणजे प्रतिभेचा अभाव. ही टीका मी स्वतः एका व्याख्यानात ऐकली आहे आणि विद्यार्थिदशेत ती मला पटलीही होती. आता पटत नाही. ती ओळ तंत्र म्हणून वाचून पाहा. रेडिओने आणि टुरिंग टॉकीजने ती चाल आधीच गावागावात पोहोचवली आहे. श्रोत्याच्या डोक्यात ती वाजते आहे. कवीला आता फक्त शब्द बदलायचे आहेत. गाणे शिकवायला उस्ताद नको, पेटी नसली तरी चालेल, एकदा ऐकले की वस्ती गाऊ लागते. ज्या चित्रपटाने या वस्तीतल्या माणसाला कधी नायक केले नाही, त्याचीच चाल घेऊन वस्तीने स्वतःचा नायक गायला.

ब्राँक्सची मुले तबकडीतला ताल उचलत होती. आमचे कवी चित्रपटातली चाल उचलत होते. अमेरिकेत या उचलण्याला ‘सॅम्पलिंग’ असे नाव मिळाले आणि त्यावर विद्यापीठीय ग्रंथ लिहिले गेले. आपल्याकडे त्याला नक्कल म्हटले गेले.

८/
तरीही ‘जलसा म्हणजे आपला रॅप’ असे जे वाक्य हल्ली सर्रास फिरते, ते मला मान्य नाही. सारखेपणा दाखवताना भेद पुसला तर इतिहास उरत नाही.

रॅपच्या केंद्रस्थानी ‘मी’ असतो. माझी गल्ली, माझे दुःख, माझी मस्ती. भीमगीताच्या केंद्रस्थानी ‘आम्ही’ आणि ‘तो’ असतात: आम्ही लेकरे, तो बाप. रॅपर स्वतःचे नाव गाण्यात वारंवार घेतो, कारण त्याला आपले अस्तित्व जगाच्या कानी घालायचे असते. आमच्या परंपरेतही कवी नाव घेतो, पण एकदाच, शेवटच्या कडव्यात, नाममुद्रा म्हणून. चोखा, तुका, जनी यांच्या अभंगांपासून ती रीत चालत आली. वामनदादा कर्डकांनी तीच पाळली. १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेला, मुंबईत मजुरी करताना मोठेपणी अक्षरे शिकलेला हा माणूस हजारो गीते लिहून २००४ मध्ये गेला. त्याच्या गीतांत ‘वामन’ अखेरीस येतो, जणू सही करून बाजूला होण्यासाठी.

खरे साम्य पाहायचे असेल तर ते दुसरीकडे आहे. कलगी-तुरा. दोन पक्ष समोरासमोर, एकाने कोडे घालायचे, दुसऱ्याने त्याच छंदात जागच्या जागी सोडवायचे, हरला तर रात्रभर हसे. शब्दांची ही झुंज महाराष्ट्राला हिप-हॉपच्या शतकानुशतके आधीपासून ठाऊक होती.

९/
नागपूरने या झुंजीला वेगळा पोशाख चढवला: कव्वाली.

पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे नवल वाटेल. बौद्ध जयंतीला कव्वाली? पण नागपुरात ती पिढ्यान्‌पिढ्या रंगली. नागोराव पाटणकरांसारख्या कव्वालांच्या नावावर रात्र रात्र गर्दी जमायची. दोन पार्ट्या, दोन मंच, टाळ्यांचा ठेका, सवाल आणि जवाब.

कव्वालीच का, याचे माझे उत्तर असे. नागपूर हे मध्य प्रांताचे राजधानीचे शहर होते. कचेरी, बाजार आणि रेल्वे यांची व्यवहारभाषा हिंदी होती. १९२५ मध्ये देह ठेवलेल्या ताजुद्दीन बाबांच्या ताजबागेतला उर्स सर्व जातिधर्मांच्या लोकांना कव्वालीच्या ठेक्याची सवय लावत आला होता. गणपतीला वंदन करणारा गण सोडून दिलेल्या माणसाला असा एक मंच मिळाला, ज्यावर मूर्ती नव्हती आणि जातीची जुनी खूण नव्हती. ती पंगत परकी वाटण्यापेक्षा मोकळी वाटली असणार. नागपूरची आंबेडकरी गाणी मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत सहज फिरतात, त्याचे मूळही इथेच आहे.

१०/
अमेरिकेशी असलेला धागा आता थेट जोडता येईल. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे सादर करावयाच्या अर्जाची माहिती त्यांना हवी होती. ड्यू बॉइस यांनी उत्तर दिले. पुढे १९६७ मध्ये मूळ नागपूरच्या गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ची वाटचाल सुरू झाली. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेड्यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे मराठी तरुणांचे लक्ष वेधले, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव सरळ ब्लॅक पँथरवरून घेतलेले.

गंमत पाहा. दलित पँथर आणि हर्कची मेजवानी यांच्यात जेमतेम सव्वा वर्षाचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी तरुण पिढी आधीच्या नेतृत्वावर नाराज होती. ब्राँक्समध्ये त्या नाराजीतून नाच आणि ताल निघाला. मुंबईत कविता निघाली. मात्र ती कविता मुक्तछंदातली, छापील, वाचायची होती. वस्ती त्याही काळात चालीतच गात राहिली. साहित्याच्या इतिहासाने पहिलीला पानेच्या पाने दिली आणि दुसरीला तळटीप. ज्यांनी विद्रोही साहित्याचा सन्मान केला, त्यांच्याही कानांना भीमगीत जरा गावंढळच वाटत राहिले, हे बोलायला अवघड असले तरी खरे आहे.

११/
तळटिपेतून वर काढण्याचे काम काही अभ्यासकांनी केले. एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषीने १९६० च्या दशकात महार चळवळीवर प्रबंध लिहिला आणि पुढे चळवळीची गाणी व कविता यांनाही इतिहासाचे साधन मानले. गी पॉइट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह घडवला. त्यात बाबासाहेब आणि रमाई यांच्यावरच्या ओव्या भेटतात, त्या रचणाऱ्या बायांना कधी मंच मिळाला नव्हता. पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी २००२ मध्ये लावणी आणि पोवाडा यांवर लिहिलेल्या निबंधात एक मूलभूत गोष्ट दाखवली: लोकप्रिय कला म्हणजे केवळ रंजन नसून ती जात आणि लिंगभाव यांच्या झगड्याची जागा असते. पोवाडा मर्दानी व प्रतिष्ठित आणि लावणी अश्लील, ही वाटणी कलेतून आलेली नाही. ती कोणत्या जातीच्या कोणत्या देहाने गायले, त्यावरून आली.

रेगे २०१३ मध्ये अकाली गेल्या. अमेरिकेत ट्रिशिया रोझ यांनी १९९४ मध्ये ‘ब्लॅक नॉइज’ हा ग्रंथ लिहून हिप-हॉपला विद्यापीठाच्या वर्गात आणले. त्या शीर्षकातला ‘नॉइज’ म्हणजे आपला तोच ‘गोंगाट’. कोणाच्या आवाजाला संगीत म्हणायचे आणि कोणाच्या आवाजाला गोंगाट, हे ठरवणारा कोण, हाच दोन्ही देशांतल्या संशोधनाचा प्रश्न आहे.

(डीजेच्या भिंतींमुळे शेजारच्या आजारी माणसाला त्रास होतो, हे मी नाकारत नाही. तो सर्वच मिरवणुकांना लागू असलेला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर डेसिबल मोजून द्यावे. तुच्छता मोजण्याचे यंत्र मात्र अजून निघालेले नाही.)

१२/
गाण्याची किंमतही सांगितली पाहिजे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत जीव दिला. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट त्या मृत्यूपासून सुरू होतो.

नागपूरकरांना जवळचा वाटेल असा दुसरा चित्रपट चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४ च्या या चित्रपटात एका लोकशाहिरावर त्याच्या गाण्यामुळे खटला चालतो. ती भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक. अभिनय हा त्यांचा व्यवसाय नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये, जयंतीच्या तोंडावर, करोनाने ते गेले. त्या वर्षी चौकही शांत होते.

१३/
आणि आजचे काय? नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ (२०२२) मध्ये नागपूरच्या वस्त्यांतील मुले नाचतात. अजय-अतुल यांचे संगीत आहे, पार्श्वभूमी जयंतीची आहे, आणि मोठ्या पडद्यावर ती मिरवणूक विनासंकोच मिरवणूक म्हणून दिसते. कथेचा आधार असलेले विजय बारसे हे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक. दुसरीकडे, मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने वारली आदिवासींच्या प्रश्नावर रॅप केला, आणि अमरावतीचा ‘१०० आरबीएच’ वऱ्हाडी वळणाची मराठी आणि हिंदी घेऊन रॅपच्या मंचावर पोहोचला. ज्या बोलीला पुस्तकी मराठीने शंभर वर्षे विनोदापुरती जागा दिली, ती आता रागासाठी वापरली जाते आहे. (हे वाक्य मी पुस्तकी मराठीतच लिहितो आहे, याची मला जाणीव आहे.)

या मुलांनी वामनदादांची किंवा पाटणकरांची परंपरा जाणीवपूर्वक पुढे नेली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्यांच्या कानावर अमेरिकन रॅप आधी पडला असण्याचा संभव आहे. पण वस्तीत वाढलेल्या मुलाच्या कानात भीमजयंतीचा ठेका जन्मापासून असतो. तो ठरवून शिकावा लागत नाही.

१४/
शेवटी एक काम, तुमच्यासाठी.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने २००७ मध्ये हिप-हॉपचा संग्रह सुरू केला. ब्राँक्सच्या मेजवान्यांची हाताने रंगवलेली पत्रके आज तिथे तापमान राखलेल्या खोलीत जपलेली आहेत. एका रात्रीपुरती छापलेली, दुसऱ्या दिवशी फेकायची पत्रके.

आपल्या गीतपुस्तिका त्याहून कमी टिकाऊ कागदावर छापल्या गेल्या. बऱ्याच पुस्तिकांवर वर्ष नसते. कव्वालीच्या मुकाबल्यांच्या ध्वनिफिती माळ्यावर चिकटून बसल्या आहेत. जे कव्वाल ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्याकडे पुन्हा जाऊ म्हणण्याइतका वेळ नाही.

तुमच्या घरी, आजीच्या पेटीत, काकांच्या कपाटात अशी पुस्तिका असेल तर मुखपृष्ठ, कवीचे नाव, छापखान्याचे नाव आणि ‘चाल’ लिहिलेली ती ओळ, एवढ्यांचे स्पष्ट छायाचित्र काढून ठेवा. मागच्या कोऱ्या पानावर कोणी पेनने काही लिहिले असेल तर त्याचेही. कोणत्या साली, कोणत्या गावच्या जयंतीला ती घेतली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लगेच नोंदवा. उत्तरात इथेच कळवा. पुढचा धागा त्या ‘चाल’ ओळींवरच करण्याचा विचार आहे: कोणत्या दशकात वस्ती कोणत्या चित्रपटाच्या चालीवर गात होती, याचा नकाशा.